हा क्रम बदलू नये

गेल्या आषाढात माझ्याकडे तपासणीसाठी एक छोटा बदल आला. सदतीस ओळींचा. त्यातल्या तेवीस ओळी काढलेल्या, चौदा नव्याने घातलेल्या. बदल करणारी सहकारी वयाने माझ्या लेकीएवढी, कंपनीत येऊन तिला पुरते वर्षही झालेले नव्हते. प्रोग्रॅम मात्र जुना. दूध संकलन केंद्रावर फॅटचे यंत्र, वजनकाटा आणि पावतीचा प्रिंटर यांना एकत्र बांधणारा. त्याचा पहिला आराखडा मी २००५ साली केला होता.

काढलेल्या तेवीस ओळींत एक टीप होती. "हा क्रम बदलू नये." पुढे तीन उद्गारचिन्हे.

ती टीप माझीच. संगणकाच्या क्षेत्रात आपले जुने अक्षर ओळखू येत नाही, सगळ्यांचा टंक सारखाच असतो. पण उद्गारचिन्हांवरून मी स्वतःला ओळखले. ती टीप काढायला मी संमती द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जे वाचले आणि आठवले, त्याचा हा लेख. प्रोग्रॅम लिहिणे ज्यांचा व्यवसाय नाही त्यांनी दचकू नये. विषय घरातलाच आहे: आधी काय आणि मग काय.

आमच्या प्रोग्रॅममध्ये तीन वस्तू होत्या. पहिली 'सेटिंग', म्हणजे कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची माहिती. दुसरी 'नोंद', म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी. काही बिनसले तर तिथे ओळ लिहिली जाते. तिसरी 'दर', म्हणजे कोणत्या फॅटला आणि एसएनएफला लिटरमागे किती रुपये याचा तक्ता. दर तयार होताना सेटिंगला विचारतो, तक्त्याची फाइल कुठे आहे? फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेला मूळचा तक्ता वापरतो, आणि नोंदीत तक्रार लिहितो. तेव्हा सेटिंग आधी, मग नोंद, मग दर. एवढे सोपे.

अडचण अशी की या तिन्ही वस्तू तीन वेगवेगळ्या फायलींत होत्या आणि तिन्ही प्रोग्रॅम 'सुरू' होण्याआधी तयार होत होत्या. सुरू होण्याआधी तयार होणे हा काय प्रकार आहे, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

सी या भाषेत प्रोग्रॅमची सुरुवात 'मेन' नावाच्या फंक्शनपासून होते. त्याच्या आधी काही घडत नाही, निदान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेस पडेल असे काही नाही. सार्वजनिक वस्तूंना, ज्यांना आम्ही ग्लोबल म्हणतो, सुरुवातीची किंमत देता येते. पण ती आधीच ठाऊक असलेली हवी, आकडा किंवा अक्षरे. ती फायलीतच कोरलेली असते. आणि काहीच दिले नाही तर ती जागा शून्याने भरलेली मिळेल, अशी हमी आहे. १९७८ सालच्या कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकातही ती आहे. हे शून्य लक्षात ठेवावे, पुढे त्यानेच घात केला आहे.

१९७९ साली ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप हा डॅनिश तरुण केंब्रिजची पीएच. डी. आटोपून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत आला आणि त्याने सी भाषेवर कलम करायला घेतले. १९८३ साली या भाषेला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. १९८५च्या ऑक्टोबरात तिचा कंपायलर बाजारात आला, त्याचे नाव सी-फ्रंट. या भाषेत वस्तू जन्मताना तिचे स्वतःचे एक फंक्शन चालते, कन्स्ट्रक्टर. वस्तू अर्धवट, कच्ची कुणाच्या हाती पडू नये, हा त्यामागचा विचार, आणि तो उत्तमच आहे. पण वस्तू ग्लोबल असेल तर? तिचा कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी चालला पाहिजे. म्हणजे पडदा वर जाण्याआधी रंगमंचावर माणसे वावरू लागली.

सी-फ्रंट स्वतः यंत्राची भाषा लिहीत नसे. तो सी प्लस प्लसचे सी करून देई आणि पुढचे काम युनिक्सवरच्या जुन्या, दुसऱ्यांनी बनवलेल्या अवजारांवर सोपवी. त्यातले शेवटचे अवजार लिंकर. अनेक फायलींचे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा. त्या लिंकरला कन्स्ट्रक्टर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मग एक युक्ती निघाली. आधी सगळे तुकडे जोडायचे. तयार प्रोग्रॅममधल्या नावांची यादी काढायची. तीत विशिष्ट उपसर्गाने सुरू होणारी फंक्शने हुडकायची, त्यांचा तक्ता बनवायचा आणि पुन्हा एकदा सगळे जोडायचे. हे करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे नाव होते 'मंच'. आपल्या व्यासपीठाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत कचाकचा चावण्याला तो शब्द आहे. नाव अगदी यथार्थ.

आता हा तक्ता कोणत्या क्रमाने भरायचा? एकाच फायलीतल्या वस्तू वरून खाली, ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने तयार होतात, हे ठरले. पण दोन वेगवेगळ्या फायलींतल्या वस्तूंमध्ये आधी कोण? याला भाषेने उत्तरच दिले नाही. १९९८ साली सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणपुस्तक निघाले, त्यातही हा क्रम मोकळाच राहिला. काहींना ही बेफिकिरी वाटते. मला वाटत नाही. फायली वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी कंपाइल केलेल्या. जोडणारा लिंकर परक्याचा. त्याच्यावर कुठल्या तोंडाने सक्ती करणार? जे पाळून घेता येणार नाही ते पुस्तकात लिहिले नाही. पण त्याची किंमत पुढची चाळीस वर्षे प्रोग्रॅमर मोजत आले. इंग्रजीत या प्रकाराला एक चमचमीत नाव पडले आहे, मार्शल क्लाइन यांच्या प्रश्नोत्तरांच्या संग्रहामुळे ते सर्वतोमुखी झाले. मराठीत सांगायचे तर 'मांडामांडीच्या क्रमाचा बोजवारा'.

क्रमाचा हा प्रश्न काही सी प्लस प्लसने जन्माला घातलेला नाही. १९६२च्या नोव्हेंबरात आर्थर कान या वेस्टिंगहाउस कंपनीतल्या माणसाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. पाच वर्षांपूर्वी अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही पद्धत काढायला घेतली होती. हजारो कामे, कुठले कशाच्या आधी याचे जाळे, आणि त्यातून वेळापत्रक. या जाळ्यातून एक सरळ रांग कशी काढायची, हे कान यांनी दाखवले. पद्धत अशी की घरात चकल्या करणाऱ्या कुणालाही पटावी. ज्या कामाच्या आधी दुसरे काहीच करावे लागत नाही, ते शोधा. डाळ-तांदूळ धुऊन वाळत घालणे. ते रांगेत लावा आणि यादीतून खोडा. ते खोडल्यामुळे आता भाजणे मोकळे झाले. मग दळणे, मग पीठ भिजवणे. असे खोडत जा. यादी संपली तर रांग तयार. यादीत कामे उरली आहेत, पण त्यातले एकही मोकळे नाही, अशी वेळ आली तर समजा की गोल फिरले आहे: अ ला ब हवा आणि ब ला अ हवा. अशी रांग जगात कुणालाच लावता येणार नाही. आयबीएम ७०९० या यंत्रावर तीस हजार कामांचे जाळे तासाभराच्या आत रांगेत लावता येते, असे कान यांनी लिहिले आहे. आज माझ्या खिशातला फोन हे काम डोळ्याचे पाते लवायच्या आत करील. पण पद्धत तीच वापरील.

१९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'टी-सॉर्ट' नावाची आज्ञा आली. तिला जोड्या द्यायच्या, यातले पहिले दुसऱ्याच्या आधी; ती रांग लावून देते. ही आज्ञा का लागली, त्याची गोष्ट आमच्या विषयाला अगदी लागून आहे. तेव्हाचा लिंकर फायलींच्या गाठोड्यातून एकदाच, पुढून मागे जाई. एखादे फंक्शन मागे पडलेल्या फायलीत असेल तर तो वळून पाहत नसे. म्हणून गाठोड्यातल्या फायली योग्य क्रमाने बांधाव्या लागत, आणि तो क्रम टी-सॉर्ट काढून देई. मग १९८०च्या सुमारास गाठोड्याच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका ठेवायची पद्धत आली. लिंकर आधी अनुक्रमणिका पाहू लागला आणि गाठोड्यातल्या क्रमाला काही अर्थच उरला नाही. टी-सॉर्ट मात्र आजही प्रत्येक लिनक्सवर आहे. ज्या कामासाठी ती आणली ते काम संपून पंचेचाळीस वर्षे झाली.

इथे दोन वाटा दिसतात, आणि पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचाच आहे. एक वाट क्रम नीट लावण्याची. दुसरी, क्रमाची गरजच काढून टाकण्याची.

पहिल्या वाटेचे सर्वांत परिचित रूप म्हणजे आकडे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे टर्बो सी प्लस प्लसचा निळा पडदा हेच संगणकशास्त्राचे दर्शन होते. बोर्लंड कंपनीने १९९० साली काढलेले ते अवजार. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न होता: मेनच्या आधी फंक्शन चालवून दाखवा. उत्तर, 'प्रॅग्मा स्टार्टअप'. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'मध्ये ते दिलेले असे, आणि आम्ही ते मंत्रासारखे पाठ केले होते. त्याला एक आकडाही देता येई. चौसष्ट ते दोनशे पंचावन्न. लहान आकडा आधी. शून्य ते त्रेसष्ट लायब्रऱ्यांसाठी राखीव, जशा बसच्या पुढच्या जागा. हे कशासाठी असते, कुणाला याची गरज पडते, हे परीक्षकांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पंधरा वर्षांनी मला ती गरज पडली तेव्हा टर्बोचा निळा पडदा मागे पडला होता.

लिनक्स सुरू होताना ज्या सेवा उठतात, त्यांचाही क्रम बरीच वर्षे आकड्यांनीच लावलेला असे. फायलीच्या नावातच क्रमांक. मध्ये जागा सोडून आकडे द्यायचे, म्हणजे उद्या कुणाला मध्ये बसवता येईल. लग्नाच्या पंगतीत ओळखीच्यांसाठी पाट अडवून ठेवावा तसे. या पद्धतीचा खरा दोष असा की आकडा काय सांगतो ते कळते, का ते कळत नाही. वीस क्रमांकाची सेवा एकोणीसच्या नंतर आहे, ती तिची गरज म्हणून की केवळ योगायोगाने? ज्याने आकडा दिला तो निघून गेला की कुणी सांगू शकत नाही. २०११च्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीने आकडे बाजूला ठेवून 'माझ्या आधी अमुक हवे' असे प्रत्येक सेवेकडून लिहून घेतले आणि रांग यंत्राकडून लावून घेतली. आर्थर कान पुन्हा आले.

त्याच सुमारास, २०१० साली, लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टम-डी' आणले. त्यावर झालेली भांडणे सांगायला वेगळा अंक लागेल. पण त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, त्यांनी 'गरज' आणि 'नंतर' हे दोन शब्द वेगळे केले. मला तुझी गरज आहे याचा अर्थ तू माझ्या आधी आलाच पाहिजेस असा नाही. दोन्ही हवे असेल तर दोन्ही लिहा. आणि दुसरी गोष्ट ही, की पुष्कळ ठिकाणी त्यांनी क्रम पुसूनच टाकला. अ सेवेला ब सेवेशी बोलायचे असते ते एका ठरलेल्या दारातून. मग ब उठण्याची वाट कशाला पाहायची? दार आधीच उभे करा. अ ने टाकलेली चिठ्ठी दाराशी पडून राहील, ब उठला की उचलील. टपालपेटी आधी बसवली तर पोस्टमनची नेमणूक नंतर झाली तरी चालते. ही कल्पना २००५ साली अॅपलने आपल्या संगणकांवर वापरली होती आणि पोटरिंग यांनी ते मोकळेपणाने मान्यही केले आहे.

सी प्लस प्लसमध्ये दुसरी वाट शोधणारा पहिला मोठा माणूस जेरी श्वार्त्झ. बेल प्रयोगशाळेतलाच. पडद्यावर अक्षरे उमटवणारी 'आयओस्ट्रीम' ही लायब्ररी त्याने १९८९च्या सुमारास नव्याने रचली. तिच्यात 'सी-आउट' नावाची एक ग्लोबल वस्तू आहे आणि जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर ती वापरणार. कुणीतरी आपल्या कन्स्ट्रक्टरमध्येही वापरणार, मेनच्या आधी. तेव्हा सी-आउट सगळ्यांच्या आधी तयार हवे, आणि भाषा तर म्हणते, फायलींमधला क्रम आम्ही सांगणार नाही.

श्वार्त्झची युक्ती गावच्या वाचनालयासारखी आहे. जो पहिला येईल त्याने कुलूप काढून दिवे लावायचे, जो शेवटचा जाईल त्याने दिवे मालवून कुलूप घालायचे. मधल्यांनी नुसते वहीत आल्या-गेल्याची खूण करायची. ज्या ज्या फायलीला सी-आउट वापरायचे आहे ती आपल्या माथ्यावर लायब्ररीचे एक पान जोडून घेते. श्वार्त्झने त्या पानातच एक चिमुकली वस्तू ठेवली. पान माथ्यावर आहे, म्हणून ती वस्तू त्या फायलीतल्या बाकी सगळ्यांच्या आधी तयार होते, कारण एका फायलीतला क्रम तरी ठरलेला आहे. तयार होताना ती एक मोजणी पाहते. शून्य असेल तर मी पहिली, सी-आउट बांधते. नसेल तर मोजणी एकने वाढवून गप्प बसते. आणि मोजणी स्वतः? ती साधा आकडा, शून्य. तिला कन्स्ट्रक्टर नाही, ती फायलीत कोरलेलीच आहे. सी भाषेची ती जुनी हमी इथे उपयोगी पडली.

ही युक्ती चौतीस वर्षे चालली. फक्त प्रत्येक फायलीला सुरू होताना एकदा वहीत खूण करावी लागे. दहा फायलींना काय त्याचे, पण मोठ्या प्रोग्रॅममध्ये फायली हजारोंनी असतात. शेवटी एप्रिल २०२३मध्ये जीसीसी या कंपायलरची तेरावी आवृत्ती आली तेव्हा ती चिमुकली वस्तू पानातून काढण्यात आली. सी-आउट आता लायब्ररीच्या आत एकदाच, वरचा आकडा देऊन तयार होते. म्हणजे गंमत पाहा, दुसरी वाट सोडून पहिल्या वाटेवर परत. बदल लहान होता. पण त्याच आवृत्तीच्या सूचनापत्रात एक इशारा द्यावा लागला: नव्या कंपायलरने केलेला प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीबरोबर चालवला तर कोसळेल. प्रोग्रॅम समजतो लायब्ररी दिवे लावील, जुनी लायब्ररी समजते प्रोग्रॅम लावील. वाचनालय अंधारात.

आता माझ्या टिपेकडे येतो. २००६ साली मी हे काही वाचलेले नव्हते. दर आधी आणि सेटिंग मागून अशी उलटापालट होते आहे हे दिसले, आणि कुणीतरी सांगितले की जोडणीच्या यादीत फायली उलट्या लाव. शेवटची फाइल आधी तयार होते. मी लावल्या: दर, नोंद, सेटिंग. चालले! टीप लिहिली आणि विसरलो. लिनक्सवर तेव्हा कन्स्ट्रक्टरांचा तक्ता खरोखरच शेवटून सुरुवातीकडे वाचला जाई. लायब्रऱ्या यादीत शेवटी येतात आणि त्या आधी तयार व्हाव्यात, असा त्याला एक तर्कही होता. पण २०१०च्या सुमारास फायरफॉक्स ब्राउझर लवकर उघडावा म्हणून खपणाऱ्या मंडळींना असे आढळले की या उलट्या वाचनामुळे डिस्कवरून फाइलही मागून पुढे वाचली जाते, आणि डिस्कला ते मानवत नाही. नव्या धाटणीचा दुसरा तक्ता होता, तो पुढून वाचला जाई. मार्च २०१२मध्ये आलेल्या जीसीसीच्या ४.७ आवृत्तीने लिनक्सवर तो वापरायला सुरुवात केली. भाषेने क्रमाची हमी दिलेलीच नव्हती, त्यामुळे कुणाचा नियमभंग झाला नाही.

२०१३च्या पावसाळ्यात आम्ही कंपायलर बदलला. नव्या क्रमाने दर सर्वांत आधी तयार झाला. त्याने सेटिंगला विचारले, फाइल कुठे? सेटिंग अजून जन्मायची होती. तिच्या जागी नुसती शून्ये. शून्ये म्हणजे रिकामे नाव. रिकाम्या नावाची फाइल सापडली नाही. दरने प्रोग्रॅममधला मूळचा, सात वर्षांपूर्वीचा तक्ता उचलला आणि नोंदीला म्हणाला, तक्रार लिही. नोंदही जन्मायची होती. 'लिहिणे सुरू आहे का' या तिच्या खुणेच्या जागी शून्य, म्हणजे नाही. ती गप्प राहिली. मग नोंद तयार झाली, सेटिंग तयार झाली, मेन सुरू झाले आणि सगळे व्यवस्थित दिसू लागले. आमच्या चाचणीच्या यंत्रावर फायलीतही मूळचाच तक्ता ठेवलेला होता, त्यामुळे तिथे फरक पडायचे कारणच नव्हते.

पहाटे पाचला केंद्र उघडले. सव्वापाचला एक म्हातारे गृहस्थ कालची आणि आजची पावती शेजारी शेजारी धरून सचिवांना म्हणाले, "भाऊ, म्हैस तीच, फॅट तोच, पैसे कसे उतरले?" मला फोन आला तो सहा वाजता. त्या दिवशी सकाळच्या पावत्या रद्द करून हाताने लिहिल्या, आणि ज्या केंद्रांवर हे उशिरा कळले तिथला फरक दहा दिवसांच्या बिलात भरून दिला. कुणाचे नुकसान राहिले नाही. पण दूध घालणाऱ्याच्या हातातली पावती खोटी निघाली होती, आणि तिच्या तळाशी आमच्या प्रोग्रॅमचे नाव छापलेले होते.

मी काय केले? यादी उलटी केली. सेटिंग, नोंद, दर. आणि टिपेला दोन उद्गारचिन्हे वाढवली.

ही तीच टीप, जी ती मुलगी काढत होती. तिने केलेला बदल जुन्याच ओळखीचा आहे. स्कॉट मायर्स यांच्या 'इफेक्टिव्ह सी प्लस प्लस' या पुस्तकाने तो घरोघर पोहोचवला. वस्तू ग्लोबल ठेवायची नाही. एका फंक्शनच्या पोटात ठेवायची. ज्याला हवी असेल त्याने फंक्शनला हाक मारायची. पहिल्या हाकेला वस्तू तयार होते, पुढच्या हाकांना तीच मिळते. दरने सेटिंगला हाक मारली की सेटिंग तिथल्या तिथे तयार. क्रम कुणी लावायचा नाही, गरजच तो लावते.

तपासणीचे शास्त्र आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली मांडले. चार माणसे, चार भूमिका, टेबलाभोवती बसून ओळ न् ओळ वाचायची. आता एकच माणूस पडद्यासमोर बसतो आणि पुष्कळदा नुसता अंगठा दाखवून मोकळा होतो. टिपेमुळे माझा अहंकार दुखावला होता, म्हणून मी नीट वाचले. हेही एक कारण असू शकते.

पहिली गोष्ट धाग्यांची. फॅटचे यंत्र वाचणारा एक धागा आणि पावती छापणारा दुसरा, दोघांनी एकाच क्षणी पहिली हाक मारली तर? २०११च्या प्रमाणपुस्तकापासून हमी आहे की वस्तू एकदाच तयार होईल, दुसरा थांबेल. त्याआधी या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकवले होते. खुद्द मायर्स यांनी आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांच्याबरोबर २००४ साली त्यावर इशारा देणारा लेख लिहिला होता. पण आमच्या बांधणीच्या फायलीत ही हमी बंद करणारा एक पर्याय लावलेला होता. जुन्या यंत्राची मेमरी तुटपुंजी, चार अक्षरे वाचवायला तो लावला होता. कुणी लावला असेल ते वाचकांनी ओळखले असेलच.

दुसरी गोष्ट मरणाची. अशा वस्तू ज्या क्रमाने तयार होतात त्याच्या उलट क्रमाने मोडल्या जातात. दर मोडताना नोंदीत एक शेवटची ओळ लिहीत असे: आज तक्ता इतक्या वेळा पाहिला. नव्या मांडणीत दर तयार होताना नोंदीला हाक मारतो ती फक्त फाइल न सापडल्यास. म्हणजे सगळे सुरळीत असेल त्या दिवशी नोंद दरच्या मागून, पहिल्या पावतीला जन्मते, आणि म्हणून दरच्या आधी मोडते. मग दर आपली शेवटची ओळ बंद झालेल्या वहीत लिहायला जाणार. रोज संध्याकाळी. माझ्या जुन्या, टिपेने राखलेल्या क्रमात हे बरोबर होत होते.

मला आनंद झाला, खोटे कशाला सांगू. तिला बोलावले.

तिने शांतपणे वाचले. मग म्हणाली, "सर, हा आकडा कोण बघतं?"

"कोणता?"

"तक्ता किती वेळा पाहिला तो."

मी आठवून पाहिले. २००७पर्यंत मी बघत असे. त्यानंतर कुणीच नाही.

"मग ही ओळच काढते ना," ती म्हणाली. "आणि तो धाग्यांचा पर्यायही."

ओळ गेली. तिच्याबरोबर दरला मोडताना करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून आणखी चार ओळी गेल्या. मी विचारले, क्रम खरोखरच सुटला हे कशावरून? तिने तीन फायलींचे सहाच्या सहा क्रम लावून सहा प्रोग्रॅम बांधले होते. चाचणीच्या यंत्रावर तक्त्याची फाइल मूळच्यापेक्षा वेगळी ठेवली होती, आणि सहाही पावत्या छापून आणल्या होत्या. सहांवर एकच रक्कम. २०१३ साली असे सहा कागद छापायला मला अर्धा तास लागला असता.

मी संमतीचे बटण दाबले. टीप लाल होऊन गेली. मग बांधणीच्या फायलीत पाहिले, तर क्रमाचे बंधन उरले नाही म्हणून तिने यादी अकारविल्हे लावली होती: दर, नोंद, सेटिंग. माझाच २००६ सालचा क्रम.